थ्री-डी मॉन्स्टर मेझ

घरगुती संगणकावर खेळावयाचा एक आद्य त्रिमितीय खेळ. शीर्षकाचा अर्थ ‘राक्षसाचा त्रिमितीय भूलभुलैया’ असा होतो. सिंक्लेअर झेडएक्स८१ या ब्रिटिश संगणकासाठी तो १९८१ मध्ये तयार करण्यात आला व १९८२ च्या प्रारंभी विक्रीस आला. खेळाची मूळ कल्पना जे. के. ग्रे यांची असून आज्ञावली (संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या सूचनांची मालिका) माल्कम एव्हान्स यांनी लिहिली. भूलभुलैयात टिरॅनोसॉरस रेक्स हा मांसाहारी डायनोसॉर मोकळा फिरत असतो. त्याच्या तावडीत न सापडता खेळाडूने बाहेर पडण्याची वाट शोधून काढावयाची, एवढेच त्याचे कथानक आहे. खेळाडूजवळ कोणतेही शस्त्र नसते. सावधपणा, वाटांची स्मृती आणि पळ काढणे हीच त्याची संरक्षणाची साधने होत. रंग व ध्वनी नसलेल्या आणि अत्यंत स्थूल चित्रेच दाखवू शकणाऱ्या यंत्रावर या खेळाने भीतीचा खराखुरा अनुभव निर्माण केला. त्यामुळे संगणकीय खेळांच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी : राक्षसांपासून किंवा परग्रहवासीयांपासून बचाव करणे हा संगणकीय खेळांचा प्रारंभापासूनचा आवडता विषय आहे. जपानमधील टायटो कंपनीसाठी टोमोहिरो निशिकाडो यांनी रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात (१९७८) वरून ओळीने उतरत येणाऱ्या शत्रूंना खेळाडू तोफेने टिपतो. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांवर तो प्रथम लोकप्रिय झाला व १९८० मध्ये अटारी कंपनीने त्याची घरगुती आवृत्ती काढली. नॅम्को कंपनीच्या ‘पॅक-मॅन’मध्ये (१९८०) भूलभुलैयातून पाठलाग करणारी भुते आहेत. या दोन्ही खेळांत संपूर्ण रणांगण एकाच वेळी नजरेसमोर असते. शत्रू कोठे आहे, किती अंतरावर आहे व कोणत्या दिशेने सरकत आहे, हे खेळाडूला सदैव दिसते. त्याची कसोटी लागते ती मुख्यतः हाताच्या चपळाईत.

खेळातील पात्राच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढेच खेळाडूला दाखविण्याची पद्धती यापेक्षा वेगळी आहे. तिचा एक आरंभीचा नमुना म्हणजे सु. १९७३-७४ मध्ये कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात इमलॅक संगणकांवर रचण्यात आलेला ‘मेझ वॉर’ हा खेळ होय. १९७८ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी ‘एस्केप!’ हा भूलभुलैयाचा खेळ निघाला, तर १९८१ मध्ये त्याच संगणकावर ‘विझर्ड्री’ हा खेळ आला. या खेळांतील मार्गिका केवळ रेषांनी दाखविलेल्या असत. ॲपल-२ ची १९७७ मधील किंमत १,२९८ डॉलर होती. साहजिकच सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात तो नव्हता. त्यामुळे ‘थ्री-डी मॉन्स्टर मेझ’ हा या पद्धतीचा पहिलाच खेळ ठरत नसला, तरी अतिशय स्वस्त अशा घरगुती संगणकावर हलत्या, जिवंत भासणाऱ्या राक्षसासह ती आणणारा तो एक अग्रेसर खेळ ठरतो.

यंत्र व त्याच्या मर्यादा : या खेळाची घडण समजण्यासाठी झेडएक्स८१ ची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर (१९४०–२०२१) यांच्या केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने हा संगणक ५ मार्च १९८१ रोजी बाजारात आणला. सुटे भाग घेऊन स्वतः जोडल्यास त्याची किंमत ४९.९५ पौंड व तयार स्थितीत ६९.९५ पौंड होती. पुढे त्याची विक्री १५ लाखांवर गेली. चित्रासाठी घरातील दूरचित्रवाणी संच आणि आज्ञावली साठविण्यासाठी साधा ध्वनिफीतमुद्रक जोडला की, संगणक सिद्ध होत असे. त्यातील झेड८०ए या सूक्ष्मप्रक्रियकाची गती प्रतिसेकंद ३२.५ लाख आवर्तने इतकी होती. कळा वेगळ्या उचललेल्या नसून सपाट पटलावर छापलेल्या होत्या.

मूळ यंत्राची कार्यकारी स्मृती अवघी १ किलोबाइट, म्हणजे १,०२४ बाइट होती. पडद्यावर २४ ओळी व प्रत्येक ओळीत ३२ अक्षरे मावत. पूर्ण भरलेल्या पडद्याची नोंद ठेवण्यास ७९३ बाइट लागत व यंत्राच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी आणखी १२५ बाइट राखून ठेवलेले असत. म्हणजे पडदाभर चित्र काढले की प्रत्यक्ष खेळासाठी सु. १०० बाइटच उरत. यावर उपाय म्हणून यंत्राच्या पाठीमागे १६ किलोबाइट स्मृतीची पेटी जोडता येत असे. ‘थ्री-डी मॉन्स्टर मेझ’ खेळण्यासाठी ही पेटी अपरिहार्य होती. तिची किंमत प्रारंभी ४९.९५ पौंड, म्हणजे सुट्या भागांच्या संगणकाइतकीच होती. ही पेटी खाचेत पुरेशी घट्ट बसत नसे. यंत्र जरासे हलले तरी संपर्क तुटून स्मृतीतील सर्व मजकूर पुसला जाई. मग ध्वनिफितीवरून कित्येक मिनिटे चालणारे भरण पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. घाबरून कळ जोरात दाबणाऱ्या खेळाडूला डायनोसॉरइतकीच या अपघाताचीही धास्ती असे.

यंत्राची आणखी एक मर्यादा चित्रणाशी संबंधित होती. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम स्वतंत्र मंडलाकडे पूर्णपणे सोपविलेले नसून त्यात सूक्ष्मप्रक्रियकाला स्वतः गुंतावे लागे. याआधीच्या झेडएक्स८० या संगणकात (१९८०) गणन चालू असताना चित्र नाहीसे होत असे. त्यामुळे सलग हालचाल दाखविणे अवघड होते. झेडएक्स८१ मध्ये ‘मंद’ व ‘जलद’ अशा दोन कार्यपद्धती ठेवण्यात आल्या. मंद पद्धतीत चित्र कायम राहते; मात्र चित्राच्या वरच्या व खालच्या कोऱ्या पट्ट्या उमटत असताना जो वेळ मिळतो, त्यातच प्रक्रियक आज्ञावलीचे काम करतो. परिणामी यंत्राची गती जलद पद्धतीच्या जवळजवळ एक-चतुर्थांश होते. ‘थ्री-डी मॉन्स्टर मेझ’ची सर्व हालचाल या उरलेल्या वेळात बसवावी लागली.

खेळाचे स्वरूप : खेळाचा प्रारंभ जत्रेतील खेळवाल्याच्या आरोळीने होतो. पडद्यावर एक विदूषक येतो आणि प्रागैतिहासिक काळापासून सिलिकॉनमध्ये जतन करून ठेवलेला डायनोसॉरांचा राजा पाहण्यास या, असे आवाहन करतो. नाजूक मनाच्या प्रेक्षकांना तो इशाराही देतो. यानंतर काळाच्या धुक्यातून डायनोसॉरच्या गुहेत नेण्यास सु. अर्धा मिनिट लागेल, असे सांगण्यात येते. वास्तविक हा अवधी संगणकाला नवा भूलभुलैया रचण्यासाठी लागणारा असतो. यंत्राच्या मंदपणामुळे अटळ ठरलेला विलंब येथे कथेचाच भाग बनविण्यात आला आहे.

भूलभुलैया १६ × १८ चौकटींचा असून दर वेळी तो यादृच्छिक पद्धतीने नव्याने रचला जातो. त्यामुळे एकदा पाठ केलेली वाट पुढील खेळात उपयोगी पडत नाही. चालण्यासाठी तीन कळा पुरतात : डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे व पुढे जाणे. वळण नेहमी काटकोनात आणि पाऊल नेहमी एका चौकटीचे असते. बाहेर पडण्याचे द्वार एकच असून पडद्यावर ते सतत बदलत्या नक्षीच्या रूपाने दिसते. त्यातून बाहेर पडल्यास खेळाडूला अधिक गुण मिळतात व नवा भूलभुलैया सुरू होतो. डायनोसॉरने गाठल्यास त्याचा उघडा जबडा पडदा व्यापून टाकतो. मग खेळाडूला ‘मरणोत्तर’ गुण बहाल करून भूलभुलैयात कायम भटकत राहण्याची शिक्षा ठोठावली जाते. या शिक्षेवर अपील करण्याची विनोदी सोयही खेळात ठेवली आहे.

डायनोसॉर कोठे आहे हे दाखविणारा नकाशा खेळात नसतो. त्याऐवजी पडद्याच्या तळाशी एका ओळीत लहान लहान सूचना येतात. प्रारंभी रेक्स दबा धरून बसल्याचे कळते. खेळाडू हालचाल करू लागल्यावर तो शोधास निघाल्याचे सांगितले जाते. त्यानंतर पावले जवळ येत असल्याची, पुढे रेक्सने पाहिल्याची आणि अखेरीस तो अगदी शेजारी किंवा पाठीमागे असून पळ काढावा अशी सूचना मिळते. या ओळी अंतराचा अंदाज देतात. पण दिशेविषयी बहुधा काहीच सांगत नाहीत. कोपऱ्यावरून वळल्यास सुटका होईल की थेट जबड्यातच प्रवेश होईल, हे वळेपर्यंत कळत नाही.

चित्रणाचे तंत्र : झेडएक्स८१ वर चित्राचा प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उमटविण्याची सोय मूळ यंत्रात नव्हती. चित्रे काढावयाची ती अक्षरांच्या जागी बसणाऱ्या ठराविक चिन्हांतूनच. यांपैकी काही चिन्हांत अक्षराची चौकट चार भागांत विभागून त्यांतील एक वा अधिक भाग काळे केलेले असतात. अशा रीतीने पडद्यावर आडवे ६४ व उभे ४८ चौकोन मिळतात. काही चिन्हांत बारीक ठिपक्यांची जाळी असल्याने काळ्या व पांढऱ्याखेरीज करड्या छटेचाही भास निर्माण करता येतो. भूलभुलैयाच्या भिंती या तीन छटांतून घडविलेल्या आहेत.

त्रिमितीचा भास यथादर्शनाच्या नियमावर अवलंबून असतो. वस्तू दुप्पट अंतरावर गेली की तिची भासमान उंची निम्मी होते. कोणत्याही दिशेने पाहता येणाऱ्या दृश्यासाठी असे गणन सतत करावे लागते व ते या मंद यंत्राच्या शक्तीबाहेरचे होते. परंतु खेळाडू नेहमी चौकटीच्या मध्यभागी उभा असतो व चारच दिशांना पाहू शकतो. त्यामुळे समोरची मार्गिका ही एकात एक बसलेल्या चौकटींची मालिका ठरते. प्रत्येक टप्प्यावर डावीकडे भिंत आहे की वाट, उजवीकडे भिंत आहे की वाट आणि समोर रस्ता बंद आहे की मोकळा, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे हवी असतात. भूलभुलैयाच्या आराखड्यातून ही उत्तरे काढणे सोपे असते; प्रत्येक चौकटीस एक बाइट दिला, तरी सर्व आराखडा २८८ बाइटांत मावतो. म्हणजे गणिताची जागा येथे मोजक्या पर्यायांच्या निवडीने घेतली आहे. खेळाचा काही भाग बेसिक या सोप्या पण संथ भाषेत, तर वेगाची गरज असलेला भाग थेट यंत्रभाषेत लिहिलेला आहे.

डायनोसॉरची आकृतीही अशीच टप्प्याटप्प्याने वाढते. दूर असताना ती जेमतेम ओळखू येणारा ठिपका असते. जवळ येताना डावा व उजवा पाय आळीपाळीने पुढे पडताना दिसतात आणि अखेरीस दातांनी भरलेला जबडा समोर येतो. यथादर्शनाच्या नियमामुळे या वाढीचा वेग समान राहत नाही. चार चौकटींवरून तीन चौकटींवर आलेली आकृती सु. एक-तृतीयांशाने मोठी दिसते. परंतु दोन चौकटींवरून एका चौकटीवर येताना ती दुप्पट होते. राक्षसाचे पाऊल तेच असले, तरी शेवटच्या पावलात तो अंगावर झेपावल्यासारखा वाटतो.

भीतीची घडण : या खेळाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील परिणामाचा मोठा वाटा यंत्राच्या उणिवांतून घडविलेला आहे. झेडएक्स८१ ला ध्वनी निर्माण करता येत नसे. म्हणून पावलांचा आवाज ऐकू न येता वाचावा लागतो आणि वाचलेला आवाज प्रत्येक जण आपल्या कल्पनेने ऐकतो. पडद्यावर फारसे तपशील दाखविता येत नाहीत. म्हणून मार्गिका अंधाऱ्या व एकसारख्या वाटतात आणि वाट चुकण्याचा संभव वाढतो. नकाशा दाखविलेला नसल्याने खेळाडूला वळणे मनात साठवावी लागतात. पळापळीत नेमका हाच आराखडा विसरला जातो. पाठीमागे काय आहे ते पाहण्यासाठी दोनदा वळावे लागते व तेवढ्या वेळात समोरची वाट नजरेआड होते.

याचा दुसरा परिणाम खेळाडूच्या भूमिकेवर झाला आहे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधील तोफ चालविणारा हा योद्धा असतो, या भूलभुलैयातील माणूस हा सावज असतो. त्याला शत्रूचा नाश करता येत नाही. तळाच्या ओळीतील सूचना, डोळ्यांसमोरची वाट आणि आपण कोठून आलो याची आठवण, या तीन गोष्टींची सांगड घालूनच त्याला जीव वाचवावा लागतो. घाई केली तर वाट चुकते आणि थांबून विचार केला तर राक्षस जवळ येतो. खेळातील ताण मुख्यतः या पेचातून निर्माण होतो.

निवड केलेला प्राणीही या दृष्टीने उचित आहे. टिरॅनोसॉरस हा उत्तर अमेरिकेत सु. ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी वावरणारा द्विपाद मांसाहारी डायनोसॉर असून हेन्री फेअरफील्ड ऑझ्बर्न यांनी १९०५ मध्ये त्याचे नामकरण केले. मोठे डोके, आखूड हात आणि दोन भक्कम पाय असलेली त्याची बाह्याकृती काही थोड्या चौकोनांतूनही चटकन ओळखू येते. कमी परिचित प्राणी इतक्या स्थूल चित्रात ओळखणे कठीण गेले असते.

वितरण व पुढील इतिहास : खेळाची पहिली आवृत्ती जे. के. ग्रे सॉफ्टवेअर या नावाने प्रसिद्ध झाली. १९८२ मध्येच एव्हान्स यांनी न्यू जनरेशन सॉफ्टवेअर ही स्वतःची संस्था स्थापन केली व खेळ त्या नावाने पुन्हा प्रकाशित केला. त्या काळी ब्रिटनमधील घरगुती संगणकांच्या खेळांचा व्यवसाय बव्हंशी कुटीरोद्योगाच्या स्वरूपाचा होता. एकट्यादुकट्याने लिहिलेले खेळ ध्वनिफितींवर उतरवून टपालाने, मासिकांतील जाहिरातींद्वारे आणि लंडनमध्ये भरणाऱ्या झेडएक्स मायक्रोफेअरसारख्या मेळाव्यांतून विकले जात. एप्रिल १९८२ मध्ये रंग व ध्वनीची सोय असलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक आल्यावर खेळांचा ओघ त्याकडे वळला. एव्हान्स यांनीही त्यासाठी खेळ लिहिले. त्यांपैकी कचरा गोळा करणाऱ्या कामगारावर आधारलेला ‘ट्रॅशमॅन’ (१९८४) हा खेळ विशेष प्रसिद्ध आहे.

दुर्बळ नायक, अपुरी माहिती आणि अटळपणे पाठलाग करणारा राक्षस ही लक्षणे पुढे एका स्वतंत्र खेळप्रकाराची ओळख बनली. ‘अलोन इन द डार्क’ (१९९२) आणि ‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) हे त्या प्रकारातील नामांकित खेळ होत. त्यांच्या जोडीला ठेवले असता ‘थ्री-डी मॉन्स्टर मेझ’मध्ये त्या प्रकाराची बहुतेक मूलतत्त्वे आधीच आढळतात, म्हणून त्याचा उल्लेख या प्रकारातील आद्य खेळांमध्ये करतात. नायकाच्या डोळ्यांतून भूलभुलैया दाखविण्याची पद्धतीही ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ (१९९२) व ‘डूम’ (१९९३) यांमुळे सर्वदूर पोहोचली. या खेळांत मात्र नायकाच्या हाती शस्त्र आहे आणि त्याला कोणत्याही कोनातून वळता येते. अधिक वेगवान प्रक्रियकांमुळे भिंतींचे यथादर्शन क्षणोक्षणी गणणे तोपर्यंत शक्य झाले होते.

जतन : ध्वनिफितीवरील चुंबकीय ठसा कालांतराने क्षीण होतो, झेडएक्स८१ चे सपाट कळफलकही जुने झाल्यावर निकामी होतात. त्यामुळे मूळ यंत्रावर मूळ फीत लावून हा खेळ खेळणे दिवसेंदिवस कठीण होत गेले आहे. तथापि फितीवरील मजकूर अंकीय स्वरूपात उतरवून घेण्यात आला असून झेडएक्स८१ च्या कार्याचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलींच्या साहाय्याने तो आधुनिक संगणकांवर चालविता येतो. जलद यंत्रांवरही अनुकरण मूळच्या मंद गतीनेच चालवावे लागते. कारण पावलांची सूचना मिळणे आणि राक्षस कोपऱ्यावर दिसणे यांमधील अवधी हा खेळाच्या रचनेचाच एक भाग आहे. पुढील काळात स्मृती, रंग व ध्वनी यांची विपुलता झाली, तरी मोजक्या चौकोनांतून आणि एका ओळीच्या सूचनेतून उभा केलेला हा पाठलाग आजही परिणामकारक वाटतो. खेळाडूला काय दाखवावयाचे याइतकेच काय दाखवावयाचे नाही हेही ठरवावे लागते, याचे हा खेळ एक स्पष्ट उदाहरण होय.